‘वेग वाढवला की झाले’ या प्रतिक्रियेच्या निमित्ताने

वाचक महोदय,

जत्रेतील आणि उद्यानांतील पाळण्यांच्या रचनेवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, पोटात गोळा आणणे ही काही कला नव्हे, ‘वेग वाढवला की झाले’. लेखात सुरक्षिततेविषयी अवाक्षरही नाही. ‘भाषा जड आहे’. आणि ‘साहेबांनी जरा खुर्चीतून उठून गड्ड्यावर फिरून यावे’, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत. लेखाचे शीर्षक थोडे भडक होते, हे मी मान्य करतो. परंतु अनोळखी माणसाला ‘साहेब’ म्हणताना आपण जो सूर लावला आहे, तो मंगळवार बाजारात भाजीचा भाव पाडतानाही कोणी लावत नाही.

खुर्चीचा विषय आपणच काढला आहे, म्हणून सांगतो. माझे बालपण गड्डा भरतो त्या होम मैदानापासून हाकेच्या अंतरावर गेले आणि पुढे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत लेथपुढे उभा राहून मी पोट भरले. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी पाळणेवाले आपले शाफ्ट आणि बेअरिंग आमच्याकडे दुरुस्तीला टाकत. तापून निळा पडलेला शाफ्ट, त्यावर वाळून खडखडीत झालेले ग्रीस आणि त्या ग्रीसमध्ये रुतलेली गावोगावच्या जत्रांची माती मी या हातांनी खरवडून काढली आहे. तेव्हा गड्डा कसा असतो, हे कृपया मला शिकवू नये.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे वळतो. वेग शरीराला कळतच नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावत असताना वरच्या बर्थवरचा माणूस खुशाल घोरत असतो. त्याला जाग येते ती गाडीला ब्रेक लागल्यावर. आपल्या प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या फिरणे नव्हे, तर फिरण्यातला बदल टिपतात. एकाच गतीने गरगर फिरवत ठेवले आणि डोळे मिटलेले असले, तर थोड्या वेळाने फिरत असल्याची जाणीव विरत जाते, आणि यंत्र थांबले की आपण उलट दिशेने फिरू लागलो असे वाटते. रचनाकाराचे सारे कसब या बदलाच्या मात्रेत असते.

आपल्याच गड्ड्यातला आकाशपाळणा घ्या. सहा मीटर त्रिज्येचा पाळणा दहा सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर त्यात बसलेल्याचा वेग ताशी १४ किलोमीटरही भरत नाही. एवढ्या वेगाने शाळकरी मुले सायकल हाकतात. तरीही ५० किलोच्या माणसाला त्यात वजनकाट्यावर बसवले, तर काटा सर्वांत वर सुमारे ३८ आणि सर्वांत खाली सुमारे ६२ दाखवील. पोटातला गोळा येतो तो या चढउतारातून. भरलेला पाळणा माथ्यावर रोखून धरणारा आणि खालून आरडाओरडा सुरू झाल्यावरच तो उलटा सोडणारा चालक हे कोणत्याही पुस्तकाविना जाणतो, आणि त्याला कलावंत म्हणायला माझी जीभ कचरत नाही.

याहून स्पष्ट पुरावा हवा असेल तर तोही देतो. सॅन फ्रान्सिस्को येथील १८९४ च्या प्रदर्शनात एक झोपाळा होता. लोक एका सजवलेल्या खोलीत टांगलेल्या झोपाळ्यावर बसत, झोपाळ्याला किंचित हेलकावा दिला जाई आणि नंतर त्यांच्याभोवती खोलीच फिरवली जाई. खोलीतले सामान जमिनीला पक्के ठोकलेले असल्यामुळे बसणाऱ्याला आपणच उलटेपालटे होत आहोत असे वाटे आणि तो आधार घट्ट धरून बसे. झोपाळा जवळजवळ जागचा हललेला नसे. महोदय, येथे नेमका कोणता वेग वाढवला होता?

उलट, नुसत्या वेगावर भिस्त ठेवली की काय होते, हेही नोंदलेले आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये उभ्या राहिलेल्या फ्लिप फ्लॅप या रोलर कोस्टरचा फास, म्हणजे गाडीला उलटे करून फिरवणारा रुळांचा वेढा, जवळजवळ पूर्ण गोल होता. गाडी त्यात शिरताच सगळा भार एकाएकी मानेवर येई. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने १९७६ च्या रेव्होल्यूशन या रोलर कोस्टरसाठी तोच फास थेंबाच्या आकाराचा आखला. खाली त्रिज्या मोठी आणि वर लहान असल्यामुळे भार क्रमाक्रमाने चढतो आणि माथ्यावर, जिथे गाडी मंदावलेली असते, तिथेही माणूस आसनाला चिकटून राहतो. सारा फरक वळणाच्या आखणीचा आहे, आणि ‘वाढवला की झाले’ म्हणणाऱ्याला तो दिसणार नाही.

सुरक्षितता हा त्या लेखाचा विषय नव्हता. ज्यांना तिची खरोखर चिंता आहे, त्यांनी पाळणे उभे राहण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करावा. माझ्या लेखाखाली तो करून उपयोग नाही. ‘भाषा जड आहे’ या शेऱ्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

पुढील लेख जमीन खाली सरकूनही माणसे भिंतीला चिकटून राहतात त्या रोटरवर, म्हणजे माणसांसह गरगर फिरणाऱ्या मोठ्या पिंपावर आहे. दोन मीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला ३० फेरे घेत असेल, तर भिंत माणसाला त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट जोराने दाबते; पण भिंत गुळगुळीत असेल तर तेवढ्यानेही तो घसरतो. त्यावर आपली प्रतिक्रिया अवश्य द्यावी, मात्र लेख शेवटपर्यंत वाचून.