गोळ्या दिल्या, पण सांगितलं काहीच नाही

भाचीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, परवा एक गोळी घेतली, काहीच झालं नाही. आज चार घ्यायच्यात. पहिली फुकट गेली का गं?"

तिला दीड वर्षाचा मुलगा. पुन्हा दिवस गेले, दोघांनाही नको होतं, म्हणून गर्भपाताच्या गोळ्या. वेळेत दवाखान्यात गेली, सोनोग्राफी झाली, सही झाली. फक्त "आज एक, परवा चार, पंधरा दिवसांनी दाखवा" यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाहेर बायकांची रांग असते, मला माहीत आहे. सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काढलीत मी. पण पाच मिनिटांचं तर बोलणं आहे हो.

गर्भाला पिशवीत टिकायला प्रोजेस्टेरॉन लागतं. पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, त्याचंच काम अडवते. आतलं अस्तर सैल होतं, गर्भाची पकड सुटते. बाईला मात्र बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. थोडं मळमळेल, एखादा डाग दिसेल. डाग दिसला म्हणून "झालं" समजून पुढच्या गोळ्या कपाटात ठेवून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि मग त्यांचं क्युरेटिनही, म्हणजे दवाखान्यात पिशवी आतून साफ करणंही, पाहिलंय. खरं काम दुसऱ्या गोळ्यांचं. २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या त्या मिसोप्रोस्टॉल. मुळात हे पोटातल्या अल्सरचं औषध! त्यानं पिशवी आकुंचन पावते आणि आतलं बाहेर पडतं.

भाचीला म्हटलं, मुलाला सासूबाईंकडे ठेव आणि माझ्याकडे ये. रात्री दहाला तिनं चार गोळ्या गालात धरल्या. तासाभरात थंडी वाजून दात वाजायला लागले. दोन गोधड्या घातल्या, मग एकदा जुलाब. ती घाबरली, मी नाही, कारण हे त्या गोळीचंच आहे, काही तासांत जातं. मग ओटीपोटात आणि कमरेत कळा. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी दिली. साडेबारापासून अंगावरून जायला लागलं, पाळीपेक्षा पुष्कळ जास्त, गाठी पडत. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी प्रत्येक पॅडची वेळ लिहीत होते: पाऊण, दीड, सव्वादोन, साडेतीन. पहाटे ती झोपली.

वेळा लिहायचं कारण आहे. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढायची. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, घाण वास येतोय, चक्कर येऊन पडायला होतंय, तरी तेच. आणि चार गोळ्यांनंतर अंगावर काहीच गेलं नाही, तरीही डॉक्टरांना कळवायचं. नंतर आठवडा-दोन आठवडे थोडं थोडं जात राहतं, त्याला घाबरायचं नाही.

आता दिवस मोजायची गंमत. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवस, आणि ते शेवटची पाळी *आली* त्या दिवसापासून. बायका पाळी *चुकली* तिथून मोजतात. "महिनाच झालाय" म्हणणारीचे खरे दोन महिने झालेले असतात. सोनोग्राफीही त्यासाठीच, आणि गर्भ नळीत तर नाही ना हे बघायला. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. तांबी (कॉपर-टी) आत असेल, अंगात रक्त फार कमी असेल, तर तेही आधी सांगायचं. म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं आणलेलं पाकीट घेऊ नका. आणि संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची ती गोळी वेगळी. ती दिवस राहू नयेत म्हणून असते, राहिलेले पाडत नाही.

केमिस्टांवर मात्र माझा राग आहे. आमच्याकडच्या तीन दुकानांत चिठ्ठी दाखवूनही "आम्ही ठेवत नाही" ऐकलंय. म्हणे गर्भलिंगाची भानगड नको. अहो, नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही! मग मुलगी पाडायचा संबंध येतो कुठून? गर्भपाताचा कायदा १९७१चा आहे. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं लग्न न झालेल्या बाईलाही त्यात बरोबरीनं धरलं. तरी दवाखान्यात "मिस्टर कुठायत?" हा प्रश्न आधी येतोच.

पंधरा दिवसांनी भाचीबरोबर मीच गेले. पिशवी साफ होती. लघवीची चाचणी मात्र अजून पॉझिटिव्ह. ती तीन-चार आठवडेही तशी दाखवू शकते, घरी करून हबकू नका. "पुढं मूल हवं झालं तर होईल ना?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. होईल की. पुढच्या पाळीच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून तर तिनं त्याच दिवशी तांबी बसवून घेतली.