‘मोठी लाट’, ३० बाय ४० इंच: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘कानागावाच्या समुद्रातली मोठी लाट’ची हाताने रंगवलेली प्रत तुम्ही आमच्याकडून घेतलीत आणि दोन तारे दिलेत. तक्रारी अशा: डावीकडची सही कापली गेली, आकाश मळकट आहे, निळा रंग मोबाइलवर दिसला त्याहून काळपट आहे, जुलैत कॅनव्हासचं पोट सुटलं, आणि मुळात हे हाताने रंगवलेलं नसून प्रिंटवर ब्रश फिरवलेला असावा. सही आणि कॅनव्हास या दोन्ही चुका आमच्याच. निळ्यातली अर्धी. आकाशाबद्दल मात्र आम्ही आमच्या म्हणण्यावर ठाम आहोत.

आधी सही. मूळ चित्र साधारण २५.७ बाय ३७.९ सेंटिमीटरचं. त्या प्रमाणात रुंदी ४० इंच धरली तर उंची २७ इंच येते, आणि उंची ३० धरली तर रुंदी ४४ च्या पुढे जाते. तुमच्या मापात ते बसवायचं तर एकतर वर तीन इंच आकाश पदरचं घालावं लागतं, नाहीतर बाजूने चार इंच कापावे लागतात. आम्ही कापले: उजवीकडची होडी वाचावी म्हणून तिकडून एक आणि डावीकडून तीन. डावीकडे वर चौकटीत शीर्षक आहे आणि सही त्याच्याही बाहेरच्या अंगाला, त्यामुळे पहिला घाव तिच्यावरच पडला. सहीपेक्षा मोठं नुकसान म्हणजे लाटेचा जोर त्याच कडेकडून येतो आणि तो कमी झाला, म्हणून मागचा फुजी पर्वत उगाच मध्यभागी सरकल्यासारखा वाटतो. ३० बाय ४० ची फ्रेम बाजारात तयार मिळते, म्हणून हे माप सगळे मागतात. ऑर्डर घेतानाच ‘२७ बाय ४० घ्या’ असं आम्ही सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आकाश. हे चित्र १८३१ च्या सुमारास लाकडी ठोकळ्यांवरून कागदावर छापलं गेलं. त्याच्या हजारो प्रती निघाल्या, त्यामुळे एकच एक ‘ओरिजिनल’ असं काही नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडेच तीन प्रती आहेत. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात फिकट गुलाबीसर ढग दिसतात; तो रंग उजेडाने उडतो, आणि कागदही काळाबरोबर पिवळसर होतो. पोस्टरवरचं पांढरंशुभ्र आकाश संगणकावर धुतलेलं असतं. आम्ही पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी) घालून जुन्या कागदाची छटा धरतो. फुजीच्या मागे क्षितिजाजवळचा करडा पट्टा मूळचाच आहे, तो डाग नव्हे. पांढरं आकाश हवंच असेल तर करून देऊ, पण मग लाटेचा फेस उठून दिसणार नाही. मूळ चित्रात फेस म्हणजे कोरा ठेवलेला कागद. आजूबाजूला थोडा मळकटपणा आहे म्हणूनच तो पांढरा वाटतो.

निळा. मूळ चित्रात प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग आहे, बाह्यरेषासुद्धा काळ्या नसून निळ्या आहेत. अस्सल प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही आणि आम्ही वापरतो त्या अॅक्रिलिकचं माध्यम अल्कलीयुक्त असतं. म्हणून अॅक्रिलिकच्या ट्यूबवर बहुधा ‘प्रशियन ब्लू ह्यू’, म्हणजे फक्त तशी छटा, असं लिहिलेलं असतं. आत थॅलो ब्लू हा दुसराच निळा रंग आणि थोडा काळा वगैरे मिश्रण. त्यात अॅक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतं, कारण ओलं असताना दुधी दिसणारं माध्यम वाळून पारदर्शक होतं. मिश्रणाचा पट्टा ओढून, पूर्ण वाळवून, मगच रंग ठरवायचा असतो. तुमच्या प्रतीत मधल्या लाटेचा निळा इतका गडद उतरलाय की रेषा त्यात बुडाल्यात. ती आमची अर्धी चूक. उरलेली अर्धी तुमच्या दिव्याची: फोटोत दिसतो तो पिवळा एलईडी निळ्याला काळा करतो. ४००० केल्व्हिनचा, म्हणजे कमी पिवळा, दिवा लावून पाहा.

प्रिंटची शंका घरीच फेडता येते. खोलीत अंधार करा आणि टॉर्च चित्राच्या कडेला, भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा. फेसाच्या बोटांवर रंगाचा उंचवटा आणि ब्रशच्या केसांच्या खुणा दिसतील. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण प्रिंटवर पारदर्शक जेल थापूनही उंचवटा आणता येतो. दहापट भिंगातून फुजीच्या कडेची बारीक रेषा बघा. प्रिंट असेल तर ती ठिपक्यांत फुटते, ब्रशची रेषा अखंड राहते आणि शेवटी निमुळती होते.

आता सैल कॅनव्हास. दमट हवेत कापड आणि लाकूड दोन्ही हलतात. त्यासाठी मागच्या चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा आठ लाकडी पाचरी लागतात; त्या तुमच्या पॅकिंगमध्ये घालायच्याच राहिल्या. कुरियरने पाठवल्या आहेत. चित्र स्वच्छ चादरीवर पालथं ठेवा. चौकट आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा, म्हणजे हातोडी चुकली तरी कापडाला पोचा पडणार नाही. प्रत्येक पाचर दोन-तीन मिलिमीटरच ठोका, आठही झाल्या की पुन्हा पहिलीपासून फेरी. एकच कोपरा ठोकत बसलात तर चौकट तिरकी होते. ३० बाय ४० चा कर्ण बरोबर ५० इंच, पाचरींनी त्यात किंचित भर पडेल. दोन्ही कर्ण सारखे आले की झालं. मागून पाणी फवारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: दिवसभर ताणल्यासारखं वाटतं, मग पुन्हा सैल, आणि पावसाळ्यात वर बुरशी. बाहेरच्या भिंतीवर टांगलं असेल तर खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळती राहील.

२७ बाय ४० ची नवी प्रत आम्ही आमच्या खर्चाने करून देतो, सुमारे तीन आठवडे लागतील. या वेळी निळ्याचे वाळलेले तीन पट्टे आधी तुमच्या पत्त्यावर पाठवू. तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच दिव्यात बघून एक निवडा. नको असेल तर पूर्ण पैसे परत. दोन्हीपैकी काय हवं ते ऑर्डरच्या नंबरावर कळवा, तोवर जुनं चित्र परत पाठवू नका.