फुकट कोण वापरतंय, आम्ही की तुम्ही?

रविवारी रात्री आबा मागच्या दारी जांभ्याच्या पायरीवरून घसरून पडले. कपाळ फुटलं, हाताला मार लागला. आईने मला सात वेळा फोन लावला, सातही वेळा लागला नाही. ठाण्यात माझा फोन उशाशीच होता, रेंज पूर्ण. तिकडे देवरुखच्या पुढे आमच्या वाडीत वीज गेली की तासाभरात टॉवर झोपतो. हे गावाला माहीत आहे, मोबाइल कंपनीला माहीत आहे, केलेल्या तक्रारींचे नंबर माझ्या वहीत आहेत. शेवटी आईने घरच्या वायफायवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला. केबलवाल्याची फायबर आणि आमचा इन्व्हर्टर, तेवढ्यावर तो पहिल्या झटक्यात लागला. मी चुलतभावाला उठवलं, त्याने गाडी काढली, आबांना देवरुखला नेलं. चार टाके पडले.

सोमवारी सकाळी कस्टमर केअरला फोन केला. वीस मिनिटं एक दाबा, दोन दाबा, मग एक मुलगा आला. "मॅडम, तुमच्या एरियात नेटवर्क व्यवस्थित दिसतंय." म्हटलं, दिसत असेल, रात्री नव्हतं. तर म्हणतो, "घरी वायफाय आहे ना? मग फोनमध्ये वायफाय कॉलिंग ऑन करा, आपला कॉल त्याच्यावरून जाईल."

आपला कॉल! कुणाचा आपला? वायफाय आमचं, त्याचे पैसे मी दर महिन्याला केबलवाल्याला देते. राउटर आमचा, इन्व्हर्टरची बॅटरी आमची, ती चार्ज होते त्या विजेचं बिल आबा भरतात. तुमचा टॉवर बंद. तरी त्या कॉलचा रिचार्ज मात्र पूर्ण तुम्हाला, त्यात एक रुपया कमी नाही. वर आईचा फोन जुना, त्यात वायफाय कॉलिंग नाहीच. "मग नवीन हँडसेट घ्यावा लागेल, मॅडम." सत्तरीच्या बाईने नवा फोन घ्यायचा, कारण तुम्हाला टॉवरला बॅटरी बसवायची नाही. त्या मुलावर मी ओरडले. त्याची चूक नव्हती, पण त्याच्या वरचं कुणी फोनवर येतच नाही.

आणि याच मोबाइल कंपन्या गेली दहा वर्षं सरकारच्या दारात उभ्या राहून काय सांगतायत? की व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम आमच्या नेटवर्कवर फुकट चालतात. त्यांनाही आमच्यासारखं लायसन्स लावा, नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यायला लावा. 'समान सेवा, समान नियम' हे त्यांच्या संघटनेचं, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनचं, पालुपद. अहो, फुकट कसं? डेटाचे पैसे मी आधी मोजते, मग कॉल करते. त्या डेटातून मी आईशी बोलेन नाहीतर रेसिपी बघेन, तुम्हाला काय करायचंय? पाण्याचं बिल भरल्यावर नगरपालिका विचारत नाही, चहा केलात की आमटी. तुमचा स्वतःचा फोरजीवरचा कॉलसुद्धा आता इंटरनेटसारखाच पाकिटं-पाकिटं होऊन जातो. फरक एवढाच की तो तुम्ही विकता.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं. लोक खवळले, काही दिवसांत मागे घेतलं. २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, या अ‍ॅपना नियम लावावेत का असं विचारणारा कागद काढला, लोकांचे विरोधाचे दहा लाखांवर ईमेल गेले. त्यातला एक माझा. सप्टेंबर २०२० मध्ये ट्राय म्हणाली, सध्या वेगळ्या नियमनाची गरज नाही. मला वाटलं, मिटलं. २०२२ च्या दूरसंचार विधेयकाच्या मसुद्यात पुन्हा ही अ‍ॅप आली. जुलै २०२३ मध्ये ट्रायचा पुन्हा कागद. डिसेंबर २०२३ ला कायदा झाला त्यात अ‍ॅपचं नाव गाळलं, पण 'दूरसंचार'ची व्याख्या एवढी ऐसपैस ठेवली की उद्या कुणीही त्यात बसेल. किती वेळा तेच तेच लिहून पाठवायचं माणसाने?

आणि समान नियम म्हणजे नेमके कुठले? कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. एक रुपया! कंपन्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये तो रद्द झाला. स्वतःवर नियम आला की कोर्ट, दुसऱ्यावर यावा म्हणून अर्ज. महिना अठ्ठावीस दिवसांचा करून वर्षाला तेरा रिचार्ज घेता, जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवलेत. ज्या आबांना फक्त बोलायचंय त्यांच्या गळ्यात डेटा बांधलात. नुसत्या बोलण्याचा पॅक काढायला डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायला हुकूम काढावा लागला.

लायसन्स लावल्यावर काय होतं ते दादाला विचारा. तो दुबईला असतो. तिथे साधा व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतच नाही, परवानगी दिलेलीच अ‍ॅप वापरायची. २०१८ मध्ये त्यासाठी महिन्याला पन्नास दिरहॅमचा प्लॅन निघाला होता. दादा आईला झूमची लिंक पाठवतो. नातवाचं तोंड बघायला माझी आई मीटिंग जॉइन करते, आणि लिंक सापडली नाही की रडवेली होऊन मला फोन करते.

फसवणुकीचं म्हणाल तर मान्य आहे. डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे पोलीस असल्याचं सोंग करून 'तुम्हाला अटक झालीय' म्हणणारे भामटे, अ‍ॅपवरूनच व्हिडिओ कॉल करून म्हाताऱ्यांना लुटतात, आमच्या ओळखीतल्या एकांची आयुष्याची पुंजी गेली. त्या अ‍ॅपवाल्यांना धरा. तक्रार केली की नंबर त्याच दिवशी बंद झाला पाहिजे, आणि बोलायला मराठी कळणारं माणूस असलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ हा आणीबाणीचा नंबर लावता येत नाही, त्याचंही बघा. पण यासाठी टेलिफोन कंपनीचं लायसन्स कशाला? आधार आणि अंगठा घेऊन दिलेल्या तुमच्या सिमवरून आईला दिवसातून चार वेळा कर्जाचे फोन येतात, ते लायसन्सने थांबले का?

काल संध्याकाळी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' वाडीत तेव्हा वीज गेलेली होती. आबांचे टाके कधी काढायचे ते विचारायला आईने फोन केला तो व्हॉट्सअ‍ॅपवरूनच.