साडेपाच तासांत न्यूयॉर्क

मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाला किती तास लागतात? विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि माझ्याकडे निदान चार निघतात.

घोळ सुरू होतो तिकिटावरून. हिवाळ्यातलं थेट विमान धरा. मुंबईहून रात्री १ ला सुटतं, त्याच तारखेला सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला टेकतं. "साडेपाचच तास?" मावशीचा चेहरा खुलतो. "पुण्याहून नागपूरला माझी अख्खी रात्र जाते!" मग परतीचं तिकीट. तिथून दुपारी १२ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेबाराला. साडेचोवीस तास! येताना विमान वाटेत चहाला थांबतं, अशी मावशीची खात्री पटते.

तिकिटावर वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे. म्हणून जाताना साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले १६. येताना साडेचोवीसातून तेवढेच काढा, उरले १४. मिळवायचे कधी आणि काढायचे कधी हे आठवत नसेल (बहुमत याच पक्षाचं), तर दोन्ही प्रवासांचे कागदावरचे तास सरळ एकत्र करा. साडेपाच नि साडेचोवीस, ३०. घड्याळांचा फरक आपोआप कटतो. फक्त मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि फरक साडेनऊवर येतो, तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. जाणं आणि येणं यातल्या एखाद्या रविवारच्या दोन बाजूंना आलं, तर बेरीज तासाने चुकलीच.

आता १६ आणि १४ का? इथे काका सरसावतात. "पृथ्वी फिरते ना! विमान वर नुसतं थांबलं, तरी न्यूयॉर्क खाली येईल." काका, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल रोज अरबी समुद्रात सापडला असता. खरा गुन्हेगार वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. हिवाळ्यात जास्तच जोरात. सीटसमोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग बघत बसा, जाताना आणि येताना आकडा वेगळा दिसतो. सिनेमांपेक्षा मला तोच पडदा आवडतो.

अंतर साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते, पण तो सपाट कागदाचा खोटेपणा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो रशिया, नॉर्वे, आइसलंडवरून जातो, आणि तोच सर्वांत जवळचा रस्ता. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. कुठे युद्ध, कुठे बंद हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दोऱ्याला वळसा पडला, आणि वळसा म्हणजे जास्तीचं इंधन.

एवढं ऐकून मावशी विचारते, "ते राहू दे. पुण्यातल्या घरातून निघाल्यापासून किती?"

टॅक्सीने मुंबई विमानतळ, घाटात ट्रक आडवा पडला नाही तर ४ तास. सुटण्याच्या ३ तास आधी हजेरी. हवेत १६. तिकडे इमिग्रेशनची रांग आणि पट्ट्यावरची बॅग, दीड तास.

मावशी बोटांवर मोजते. साडेचोवीस.

"मग मी काय वेगळं म्हणत होते?"