एक तारा देणाऱ्या पाहुण्यांस, चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यावरून

नमस्कार. मगरी बघायच्या फेरीत बोट दीड तास गाळात रुतली, तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) उतरून ढकलू दिलं नाही, आणि कोयनेचं पाणी बारमाही येत असताना आम्ही बोटीची वाट उपसून घेत नाही, असं तुम्ही लिहिलंत.

उतरण्याचं आधी बोलू. तुम्ही मगरी बघायला आला होता. त्याच मगरींच्या शेजारी चिखलात उतरू दिलं नाही म्हणून तारे कापले असतील तर खुशाल कापा. तांडेल उद्याही उतरू देणार नाही.

कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीत येतं, खरं आहे. पण गोवळकोटच्या खाली ही खाडी आहे. पाण्याचा हिशेब भरती-ओहोटीचा. पावसाळ्यात डोंगरची माती वाहून येते. गोड्या पाण्यातली ती बारीक माती खाऱ्या पाण्यात गेली की तिच्या गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. शिवाय भरती खालचा चिखल ढवळून वर आणते. आज उपसलेली वाट त्यामुळे पुन्हा भरते, उपसा वरचेवर करावा लागतो. २०२१च्या पुरानंतर चिपळुणात पोकलेन लावून गाळ काढला, तो शहरात पाणी शिरू नये म्हणून. खाली खाडीत तरंगता ड्रेजर हवा, आणि काढलेला गाळ टाकायला जागाही. दाभोळ खाडी-वाशिष्ठीचा ४५ किलोमीटरचा पट्टा २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झालाय, पण त्याने पाणी खोल होत नाही. आणि परवानगीशिवाय मी त्यात पंप लावला तर गुन्हा माझ्यावर.

खरं सांगायचं तर सगळा गाळ काढलेला मला नकोच आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावरच मगरी उन्हाला येतात, म्हणून तर फेरी उतरत्या पाण्यावर असते. मधली वाट खोल व्हावी, कडा तशाच राहाव्यात, एवढंच आम्हा बोटवाल्यांचं म्हणणं.

तुमची फेरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होती. उधाणाचं पाणी झपाट्याने उतरतं, म्हणून वेळ आधीच कळवली होती. तुम्ही पाऊण तास उशिरा आलात. तांडेल परत फिरू म्हणाला, तेव्हा 'अजून एक मगर दाखवा' हा आग्रह तुमच्याच मंडळींचा. भरती लागली तशी बोट सुटली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, पाण्याच्या बाटल्याही दिल्या होत्या.

फेरी पूर्ण झाली, मगरीही दिसल्या, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. पुन्हा यायचं असेल तर अष्टमीच्या आसपास या, तेव्हा पाणी इतकं झपाट्याने उतरत नाही; आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा.