ड्रोन आले म्हणून गस्त संपत नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : उपग्रह आणि ड्रोन असताना जवानांना गस्तीवर पाठवणं म्हणजे त्यांचे जीव फुकट घालवणं. १९९९ साली कारगिलमधल्या घुसखोरीची बातमीसुद्धा मेंढपाळाने दिली, गस्तीने नाही. सबब गस्त बंद करा.

लिहिणाऱ्याला जवानांची काळजी असेल, त्याबद्दल शंका नाही. पण पायदळाचं इन्फंट्री स्कूल इथून जवळच, महूला आहे. आपल्या ओळखीच्या घरांतून माणसं लष्करात गेलेली आहेत. त्याच गावात असला संदेश लोक डोळे झाकून पुढे ढकलतात, याचं मला वाईट वाटतं.

त्यातला एकेक मुद्दा घेऊ. ‘उपग्रहाला सगळं दिसतं.’ दिसत नाही, आणि हे आपणच सिद्ध केलंय. १९९८ साली पोखरणवर अमेरिकेचे उपग्रह नजर ठेवून होते. ते डोक्यावर कधी येतात याचा हिशेब आपल्याकडे होता. कामं रात्री उरकली, उजाडायच्या आत यंत्रं होती त्या जागी नेऊन ठेवली. ११ मे रोजी स्फोट झाले तेव्हा अमेरिका गाफील होती. आपल्याला जमलं ते शत्रूला जमणार नाही, असं कशावरून?

‘ड्रोन चोवीस तास बघतो.’ ड्रोनचा उपयोग मोठा आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण धुकं, जोराचा वारा, दाट झाडी आणि त्याचे रेडिओ संकेत अडवणारा जॅमर यांपुढे त्याची मर्यादा उघडी पडते. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू लाकडी आणि हवा भरलेल्या नकली तोफा उभ्या करतात, त्या वरून खऱ्याच वाटतात. शिवाय काही गोष्टी वरून कळण्यासारख्याच नसतात. ओढ्याचा तळ चिखलाचा की खडकाचा? या पुलावरून भरलेला ट्रक जाईल का? वाटेवरचा ठसा आजचा की कालचा? ताज्या ठशाची कड धारदार असते, वाऱ्या-दवाने ती ढासळते. ठसा खोल उमटला असेल तर पाठीवर ओझं असण्याची शक्यता. डिझेलचा वास, दूरचा खोकला, पहारा कधी बदलतो ती वेळ. हे सगळं जमिनीवर पोट टेकून पडलेल्या माणसाला कळतं.

‘गस्त म्हणजे चकमक.’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. गस्तीच्या तुकडीला लष्करात पेट्रोल म्हणतात. लढायला जाते ती फायटिंग पेट्रोल. एका जागी बसून शत्रूच्या येण्याची आगाऊ सूचना देते ती स्टँडिंग पेट्रोल. गुपचूप टेहळणी करणारी रेकी पेट्रोल मात्र मोजक्या माणसांची असते आणि गोळी न झाडता परत येणं हेच तिचं यश. निघण्याआधी जवान जागच्या जागी उड्या मारून बघतात, अंगावरचं काही खुळखुळतंय का. अंधाराला डोळे सरावू देतात. वाटेत थांबून नुसतं ऐकतात. येताना गेलेली वाट टाळतात. परतल्याबरोबर प्रत्येकाला विचारलं जातं : किती माणसं, काय करत होती, कुठे, किती वाजता, हत्यारं कोणती? ‘तिथे कोणी नव्हतं’ हेही उत्तर मोलाचं असतं, कारण त्यावर पुढच्या तुकडीची वाट ठरते.

आता कारगिल. गरकोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधत होते आणि ३ मे १९९९ रोजी त्यांना घुसखोर दिसले, हे अगदी खरं. पण त्या हिवाळ्यात त्या भागावर हेलिकॉप्टरमधून टेहळणी चालू होती आणि तिला ते दिसले नव्हते, हे संदेशात गाळलंय. म्हणजे वरची नजर चुकली आणि जमिनीवरच्या माणसाची चुकली नाही. हिवाळ्यात पायी गस्त विरळ झाल्याचा फायदा शत्रूने घेतला. मग यातून गस्त बंद करा असा निष्कर्ष निघतो, की नेमका उलटा? आणि बातमी कळल्यावर तिची खातरजमा करायला वर कोण चढलं? ४ जाट या पलटणीचे कॅप्टन सौरभ कालिया पाच जवानांसह १५ मे रोजी काकसरच्या बाजूला गस्तीवर होते. ते शत्रूच्या हाती लागले आणि छळ झालेले त्यांचे मृतदेह ९ जूनला परत मिळाले. ही किंमत कोणी विसरू नये. पण गस्तीने काहीच केलं नाही असं म्हणणं हा त्या सहा जणांवर अन्याय आहे.

‘स्थानिक लोकांना विचारा, पुरे.’ विचारावंच. पण १८०३ साली मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीला त्याच्या वाटाड्यांनी केळणा नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही असं सांगितलं होतं. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं बघून त्याला शंका आली, त्याने माणूस पाठवून खात्री केली आणि उतार सापडला. त्याची किंमत आपण मोजली.

राहिला मुद्दा ‘जग गस्त सोडून चाललंय’ हा. २०२० पासून लडाखमध्ये चीनच्या सीमेवर देपसांग आणि देमचोकला अडलेली गस्त पुन्हा सुरू करण्याबाबत भारत आणि चीनचं एकमत झाल्याचं २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालं. तिथली गस्त माहितीइतकीच आपला हक्क दाखवण्यासाठीही असते, हे खरं. तरीही नुसतं वरून बघून भागत असतं, तर त्यासाठी चार वर्षं बोलणी चालली नसती.