‘हॅव’ला आयएनजी लागतं, फक्त सगळीकडे नाही

स्पोकन इंग्लिशच्या नावाखाली एक यादी मोबाइलवरून फिरते: ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, त्याला आयएनजी कधीच लावू नका, ‘हॅड हॅड’ ही टायपिंगची चूक, ‘हॅव गॉट’ म्हणजे ‘मिळाले आहे’, ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकच. चारही विधानं विद्यार्थ्यांना अडचणीत आणणारी आहेत.

‘आयएनजी कधीच नाही’: नियम निम्मा खरा, म्हणूनच जास्त घातक, तो पाठ करणारा बरोबर वाक्यही खोडतो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूकच. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला ताप आहे’ या तिन्हींना इंग्रजीत नुसतं ‘आय हॅव’ पुरतं. आपल्या ‘आहे’च्या सवयीने मध्ये ‘ॲम’ घुसतं. पण ‘वुई आर हॅविंग लंच’, ‘शी इज हॅविंग अ बाथ’, ‘दे आर हॅविंग ट्रबल विथ द पंप’ ही वाक्यं शुद्ध आहेत, कारण इथे काहीतरी चाललेलं आहे. ताळा करायचा तर ‘हॅव’ काढून ‘ईट’, ‘टेक’ किंवा ‘फेस’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर आयएनजी चालतं. मालकी किंवा नातं सांगायचं असेल तर नाही. या ताळ्यात न बसणारा एक वापरही लक्षात ठेवा: ‘वुई आर हॅविंग गेस्ट्स ऑन संडे’, म्हणजे रविवारी पाहुणे येणार हे ठरलेलं आहे.

‘हॅड हॅड’: पहिलं ‘हॅड’ सहायक क्रियापद, दुसरं ‘हॅव’चंच तिसरं रूप. ‘व्हेन द बस केम, ही हॅड ऑलरेडी हॅड हिज टी’: बस आली तेव्हा त्याचा चहा झाला होता. मध्ये ‘ऑलरेडी’ नसलं तरी जोडी बरोबरच. ‘2021पासून हा फोन माझ्याकडे आहे’ यालाही ‘आय हॅव हॅड धिस फोन सिन्स 2021’ असंच म्हणावं लागतं. एक शब्द जास्तीचा समजून गाळला की वाक्य बिघडतं.

‘हॅव गॉट’: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. अर्थ वर्तमानाचाच. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ याला उत्तर ‘यस, आय हॅव’; ‘डू यू हॅव अ पेन?’ याला ‘यस, आय डू’. दोन्हींची खिचडी करून ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नये.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’: होकारात फरक थोडा, नकारात अर्थच उलटतो. सहकाऱ्याला ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ लिहिलंत तर त्याचा अर्थ येण्यास मनाई असा होतो. ‘उद्या आला नाहीत तरी चालेल’ म्हणायचं असेल तर ‘यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो’. ‘काल जावंच लागलं’ हे सांगायला मात्र दोघांचंही काम ‘हॅड टू’च करतं, कारण त्या अर्थाने ‘मस्ट’ला भूतकाळाचं रूप नाही.